छापील नियम, टेबलावरचे नियम

कट्यार असो की दोन्ही हातांनी पेलायची तलवार, घाव मोजायचा तो सहा बाजूंच्या एकाच फाशाने. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ बाजारात आला, तेव्हा मूळ नियम असाच होता. तीन पातळ पुस्तिका, त्यांतही बरंच काही मोघम. पण पहिले खेळाडू बहुतांशी युद्धखेळांत मुरलेले होते. नियम खटकला की तो दुरुस्त करून खेळायचं, हा त्यांचा रिवाजच होता. लेखकांचीही त्याला ना नव्हती. तुम्हाला खेळ कसा हवा ते ठरवा आणि तसाच खेळा, असा सल्ला तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी त्यांनीच दिला होता.

खेळाडूंनी तो मनावर घेतला. ॲरिझोनात केन सेंट आंद्रे यांना हे नियम किचकट वाटले. त्यांनी १९७५ मध्येच नेहमीच्या फाशांवर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचला. कॅलिफोर्नियात स्टीव्ह पेरिन यांनी १९७६ मध्ये लढाईचे आपले नियम लिहून काढले आणि इतर खेळाडूंत वाटले. दोन वर्षांनी त्याच पेरिन यांच्या पुढाकाराने ‘रुनक्वेस्ट’ हा स्वतंत्र खेळ उभा राहिला.

पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्ती आणताना गायगॅक्स यांनी सर्वत्र एकसारख्या नियमांचा आग्रह धरला. तोही निराधार नव्हता. स्पर्धेत अनोळखी भिडू एकत्र बसतात. तिथे प्रत्येकाचा नियम वेगळा असेल तर निकालाला अर्थ उरत नाही.

म्हणून डाव चालवणाऱ्या आणि खेळ रचणाऱ्या आपल्या वाचकांना आमचं कळकळीचं सांगणं आहे. नियम जरूर बदला, पण तो भर डावात, दान पडल्यावर बदलू नका. आपल्या लाडक्या पात्राचा जीव नेमका त्या दानावर टांगलेला असतो, आणि तेव्हा केलेला बदल भिडूंना पक्षपातच वाटतो. बदल आधी सांगा, लिहून ठेवा, शेजारी कारणही नोंदवा. चार डावांनंतर तो पुन्हा तपासा आणि निरुपयोगी ठरला तर काढून टाका. पेरिन यांचे नियम त्यांच्या टेबलापलीकडे गेले, कारण ते कागदावर होते आणि इतरांना वापरून पाहता आले. तुमच्या वह्यांतले असे नियम कारणांसह आमच्याकडे पाठवा. इतरांनाही ते खेळून पाहू द्या.