हस्ताक्षर पुरेसे नाही

पेण-रोह्याच्या परिसरात ज्यांच्यापाशी थोडीबहुत मालमत्ता आहे, त्यांपैकी बहुतेकजण स्वतःस मालमत्ताधारक समजतच नाहीत. शिक्षकाचे तीन खोल्यांचे घर, धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराची बँकेतील ठेव, कारकुनाच्या नावावरील चार गुंठे भातजमीन. एवढ्यासाठी मृत्युपत्र कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. नवी मुंबईचा विस्तार पेणच्या दिशेने सरकू लागला तसे त्या चार गुंठ्यांचे मोल बदलले, समजूत मात्र बदलली नाही. त्यातच मृत्यूचा उच्चार अभद्र मानण्याची आपली रीत. ‘इच्छापत्र’ हाच शब्द अधिक रूढ झाला असता, तर निम्मी भीती कदाचित ओसरली असती.

मृत्युपत्र नसले तर वाटणी कायदा करतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असल्यास आई, यांना समान वाटा मिळतो. दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई असेल, तर पत्नीच्या पदरी एकपंचमांश येतो. जिने त्या घरात चाळीस वर्षे संसार केला, तिच्या हयातीतच कोणीही एक वारस घराची वाटणी मागू शकतो. पाचव्या हिश्शाने डोक्यावर छप्पर राहत नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद हा प्रसंग टाळू शकतो. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही.

परंतु येथेच मोठा गैरसमज आहे. स्वहस्ते लिहून खाली सही केली की काम झाले, असे सुशिक्षितही मानतात. कॅनडात १९४८ साली ट्रॅक्टरखाली अडकलेल्या एका शेतकऱ्याने सर्व काही पत्नीस द्यावे, असे ट्रॅक्टरच्या पत्र्यावर कोरले आणि तेथे ते ग्राह्य धरले गेले. आपल्याकडे ते टिकले नसते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्यास सही करताना पाहिलेले असावे, अथवा ती आपलीच असल्याचे त्याने त्यांना सांगितलेले असावे; आणि त्यांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. मजकूर त्यांनी वाचण्याची गरज नाही. पुढे न्यायालयात त्यांपैकी एकाला तरी उभे राहावे लागते. म्हणून समवयस्क मित्रापेक्षा वयाने लहान आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा साक्षीदार बरा. (मुस्लिम कुटुंबांना हे कलम लागू नाही, तेथे वारसांच्या संमतीविना एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.) वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहिता येते, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या मालमत्तेत मुलगीही जन्मतः सहदायाद आहे, हे अनेक बापांना आजही आठवत नाही.

बँकेत नामनिर्देशन केले आहे, मग मृत्युपत्र कशाला, हा युक्तिवादही नेहमीचा. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या गुंतवणुकींवरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नामनिर्देशित व्यक्ती त्यायोगे मालक होत नाही, असा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये झाला. ज्याचे नाव बँकेच्या अर्जावर, त्याच्या हाती रक्कम येते. ती कोणाची, हे मृत्युपत्र वा वारसाहक्क ठरवतो.

मृत्युपत्राचा दुरुपयोग होतो, हेही खरे. मुलींना वगळण्यासाठी, अंथरुणाला खिळलेल्या बापाचा अंगठा घेऊन केलेले कागद कमी नाहीत. ज्याने पुढाकार घेतला त्यालाच मोठा लाभ होत असेल, तर संशय त्यानेच दूर केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच म्हटले आहे. हात थरथरू लागण्यापूर्वी स्वतः लिहिलेल्या, प्रत्येक पानावर सही व शेवटी तारीख असलेल्या मजकुराला जे वजन येते, ते दुसऱ्याने टंकलिखित करून आणलेल्या कागदाला सहसा येत नाही. इच्छा बदलल्यास नवे लिहावे आणि जुने रद्द केल्याचे त्यात नमूद करावे. कागद कोठे ठेवला आहे, हे मात्र पत्नीला आज सांगून ठेवावे.