छोटा ट्रॅक्टर : जिवो की कुबोटा?



दसरा-दिवाळी जवळ आली की एकच प्रश्न येतो. महिंद्रा जिवो २४५ घ्यावा की कुबोटा निओस्टार बी २४४१?

दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील. जिवोला २ सिलेंडर, कुबोटाला ३. आपल्या काळ्या रानात ओल असली की टू व्हील रुततो, म्हणून फोर व्हील बरा. पण माझं मत असं, की निर्णय कंपनीच्या नावावर नको, या तीन गोष्टींवर घ्या.

✅ *ओळीतलं अंतर :* टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. ४ फुटांच्या कपाशीत ट्रॅक्टर पीक न मोडता फिरेल का? दीड फुटाच्या सोयाबीनमध्ये चाकं ओळींच्या मधेच पडतील का? डेमो शोरूमसमोर नको, स्वतःच्या रानात घ्या.

✅ *मेकॅनिक :* पेरणीचा वापसा मोजक्या दिवसांचा. तेव्हा पार्टसाठी गाडी उभी राहिली तर हंगाम गेला. ज्याचा मेकॅनिक आणि पार्ट तुमच्या तालुक्यात मिळतात, तोच घ्या.

✅ *अनुदान :* महाडीबीटीवर अर्ज करा. पूर्वसंमती मिळायच्या आधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. ऑफरच्या नादात घाई नको.

आणि रान ५ एकराच्या आत असेल तर कर्ज काढून कोणताच घेऊ नका. भाड्यानं काम करून घ्या, नाहीतर भावकीत तिघं मिळून घ्या. ट्रॅक्टर वर्षातले कितीतरी दिवस उभाच असतो, हप्ता मात्र थांबत नाही.

घ्यायच्या आधी आपल्या ओळीचं अंतर ग्रुपवर टाका, बोलू.