विमानातील मोबाइल

आपल्या ओळखीचे कितीतरी लोक नोकरीसाठी विमानाने आखाती देशांत जातात. विमान सुटण्यापूर्वी एक सूचना दिली जाते : मोबाइल बंद करा किंवा फ्लाइट मोडवर ठेवा. बरेच प्रवासी ती पाळतात. काही जण मात्र फोन तसाच चालू ठेवतात आणि म्हणतात, "एका फोनने विमान थोडेच पडते!" हे म्हणणे योग्य आहे का?

एका फोनमुळे विमान पडत नाही, हे खरे. पण सूचनेमागचे कारण समजून घेतले पाहिजे. मोबाइल रेडिओलहरींवर चालतो. टॉवर दूर गेला, की तो अधिक जोराने लहरी सोडतो. वैमानिकही नियंत्रण कक्षाशी रेडिओवरच बोलतो. मोबाइलमुळे त्याच्या कानात घरघर झाली आणि महत्त्वाचा एखादा शब्द ऐकू आला नाही तर? फ्लाइट मोडमध्ये फोनचा टॉवरशी संबंध तुटतो आणि ही भीती राहत नाही.

हा नियम आंधळा नाही. पूर्वी विमान उडताना व उतरताना सर्व उपकरणे बंद ठेवावी लागत. पुढे अभ्यास झाला. अमेरिकेने २०१३ मध्ये आणि भारताने २०१४ मध्ये फ्लाइट मोडमध्ये उपकरणे वापरण्यास परवानगी दिली. इतकी सवलत मिळाल्यावर उरलेली छोटीशी अट पाळणे जड का वाटावे?

दुसरा धोका बॅटरीचा आहे. मोबाइल आणि पॉवर बँक यांतील लिथियम बॅटरी दबली किंवा बिघडली, तर पेट घेऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळ विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाला आग लागली. सुदैवाने सर्व जण वाचले. त्यानंतर त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. ती प्रवाशाजवळ असली, तर धूर लगेच दिसतो. फोन खुर्चीच्या फटीत पडला, तर खुर्ची हलवू नये, कर्मचाऱ्यांना बोलवावे.

आकाशात विमान थांबवून कोणालाही खाली उतरता येत नाही. एकाच्या हट्टाची किंमत सर्वांना द्यावी लागू शकते. म्हणून माझे मत असे, की कोणी तपासो वा न तपासो, सूचना ऐकताच फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. मित्रांनो, शेजाऱ्याच्या जिवाची काळजी घेणे हीच खरी शिस्त होय.