श्वासाची लाज कशाला ?

अन्नावांचून मनुष्य कांहीं आठवडे तग धरतो, पाण्यावांचून कांहीं दिवस. परंतु श्वास चार-पांच मिनिटें थांबला कीं सगळा व्यवहारच आटोपतो. असें असून, श्वासाच्या दुखण्याइतकें दुसरें कोणतेंहि दुखणें आपल्या लोकांत क्वचितच लपविलें जात असेल. गेल्या हिवाळ्यांत, मुळेच्या कांठचें धुकें अजून विरलें नव्हतें अशा एका सकाळीं, खडकींतील एका मैदानावर मुलांच्या शर्यती चालल्या होत्या. शर्यत संपतांच एक मुलगा भिंतीआड गेला. बराच वेळ परतला नाहीं म्हणून मी पाहावयास गेलों, तों तो खिशांतील औषधाचा पंप काढून, कोणी पाहत तर नाहीं ना अशा भीतीनें, घाईघाईनें तोंडांत धरीत होता. मला पाहतांच त्यानें तो पाठीमागें लपविला; जणूं चोरीच पकडली गेली ! “कोणास दाखवूं नको असें आईनें बजावलें आहे,” एवढेंच तो म्हणाला. हा लेख त्या वाक्यास उत्तर म्हणून लिहीत आहें.

ज्या वस्तूची त्या मुलास लाज वाटली, ती मनुष्याच्या बुद्धीस भूषणभूत झालेली वस्तु आहे. औषध श्वासावाटे घ्यावें ही कल्पना आपल्यास परकी नाहीं. चरकसंहितेंत औषधी धूमपानाचा विधि आणि त्यासाठीं लागणारी नळी या दोहोंचें वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत मद्रासेहून विलायतेस गेली. पण धोतरा पडला विषारी. मात्रा चुकली कीं जिवावर बेतावयाचें. पुढें रबरी फुग्यानें दाबावयाचीं कांचेचीं फवारायंत्रें आलीं. तीं नाजूक, आणि दर वेळीं निघणारें औषध कमीअधिक. १९५५ सालीं अमेरिकेंत जॉर्ज मेसन ह्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनें वडिलांस विचारलें कीं, केसांवर मारावयाच्या फवाऱ्याच्या डब्यासारख्या डब्यांतून माझें औषध कां मिळूं नये ? वडील औषधांच्या कारखान्याचे प्रमुख होते. त्यांनीं प्रश्न हंसण्यावारी नेला नाहीं, आणि १९५६ सालीं मोजून मात्रा देणारा पंप बाजारांत आला. विद्यार्थीमित्रहो, ज्या शोधानें पुढें असंख्य रोग्यांचा श्वास मोकळा झाला, त्याचा उगम तुमच्याच वयाच्या एका मुलीच्या प्रश्नांत आहे.

दुसरी गोष्ट कोपनहेगन शहराची. १९५२ सालीं तेथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडून रोगी मरूं लागले, आणि लोखंडी फुप्फुस म्हणविणारें यंत्र सबंध रुग्णालयांत एकच. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरानें श्वासनलिकेस छिद्र पाडून, त्यांत नळी बसवून, रबरी पिशवी हातानें दाबून वारा भरण्याची युक्ति काढली. पिशवी दाबावयास सुमारें १,५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस बसले. मृत्यूचें प्रमाण निम्म्याहूनहि खालीं आलें. आजच्या कृत्रिम श्वासयंत्राची आणि अतिदक्षता विभागाची परंपरा येथूनच सुरू झाली.

आपल्या पुण्याचाहि या परंपरेंत वांटा आहे. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील पहिले कोरोनाचे रोगी पुण्यांतच आढळले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नोका रोबोटिक्स या येथील संस्थेंतील तरुण अभियंत्यांनीं, जे तोंवर सौरपत्र्यांवरील धूळ झाडणारे यंत्रमानव बनवीत होते, आयआयटी कानपूरच्या साहाय्यानें स्वस्त श्वासयंत्र रचण्याचें काम हातीं घेतलें, आणि तें तडीस नेलें.

परंतु यंत्र झालें म्हणजे सर्व झालें, असें मात्र नव्हे. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिक येथील महापालिकेच्या एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागली आणि २० हून अधिक रोगी दगावले. श्वासयंत्रें जागच्या जागीं होतीं. त्यांस पुरवावयाचा वायूच खुंटला. यंत्र अर्धें काम करतें. उरलेलें अर्धें मनुष्याच्या दक्षतेनें आणि शहाणपणानें व्हावयाचें असतें. खिशांतल्या पंपासहि हाच न्याय लागू आहे.

आतां पालकांचे आक्षेप पाहूं. “पंपाची सवय लागते,” असें कित्येक म्हणतात. चष्म्याची सवय लागेल म्हणून कोणी मुलास फळा दिसूं न देतां बसवीत नाहीं. “औषध फार कडक,” असें दुसरे म्हणतात. वस्तुस्थिति उलट आहे. साल्ब्युटॅमॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबांत तेंच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या हिश्शाइतकें येतें. कारण तें रक्तांतून सर्व शरीर न फिरतां थेट श्वासनलिकांत पोंचतें. एक गोष्ट मात्र खरी कीं, पंप दोन जातींचे असतात. एक धाप लागतांच आराम देणारा. दुसरा नलिकांची सूज हटविणारा, जो बरें वाटत असतांहि डॉक्टर सांगतील तोंवर नेमानें घ्यावयाचा आणि मागाहून चूळ भरावयाची. पहिल्या पंपाची गरज वारंवार पडूं लागली, तर रोग आटोक्यांत नाहीं असें समजून डॉक्टरांकडे जावें. लहान मुलांस श्वास आणि दाब यांचा मेळ साधत नाहीं; त्यांस मध्यें पोकळ नळकांडें जोडावें लागतें. त्याच्या खर्चाची सबबहि टिकत नाहीं. अर्धा लिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीचें केलेलें नळकांडें विकतच्या इतकेंच उपयोगी पडतें, असें केपटाऊन येथील डॉक्टरांनीं १९९९ सालीं मुलांवरील प्रयोगांतीं दाखवून दिलें आहे.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, पण खरा तोच : “लोक काय म्हणतील ? उद्यां मुलीचें लग्न कसें जमेल ?” जी भीति मुलीस श्वास घेऊं देत नाहीं, ती भीति त्या रोगाहून वाईट, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तेव्हां सूचना एवढ्याच. पालकांनीं वर्षारंभींच मुलाच्या दम्याची माहिती वर्गशिक्षकांस लेखी द्यावी. पंप कचेरीच्या कुलुपबंद कपाटांत न ठेवतां मुलाच्या दप्तरांत असूं द्यावा. तो कसा द्यावा हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावें. आणि विद्यार्थ्यांनो, सोबत्यास धाप लागली तर हंसूं नका, भोंवतीं गर्दी करूं नका. त्यास बसतें करा, पंप हातीं द्या, आणि धांवत जाऊन शिक्षकांस बोलवा. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीं रात्रीच्या रात्री पिशव्या दाबल्या. तुमच्याकडे एवढेंच मागणें आहे.

पुढील हिवाळ्यांत पुन्हां शर्यती होतील. तो मुलगा त्यांत धांवावा, आणि पंप घ्यावयाचा झाल्यास सर्वांसमक्ष, मैदानाच्या मधोमध उभा राहून त्यानें तो घ्यावा, अशी माझी इच्छा आहे.