गाडीला झळाळी, रंगाऱ्याला दमा

तोंडाला रुमाल बांधून गाडीवर स्प्रे गन चालवणारा कारागीर शहरातील डेंटिंग-पेंटिंगच्या कोणत्याही गल्लीत दिसतो. रुमालाने फार तर धूळ अडते. हार्डनर अडत नाही.

थिनरचा उग्र वास निरुपद्रवी नसला, तरी निदान तो जाणवतो. 'पीयू' रंग आणि क्लिअर कोट कडक व्हावा म्हणून मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. भोपाळमध्ये १९८४ साली गळती झालेले मिथाइल आयसोसायनेट याच कुळातले. रंगातील रसायने तितकी जहाल नाहीत. पण फवाऱ्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर ती थेट फुफ्फुसांत उतरतात. शरीर एकदा त्यांना संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही दम्याचा झटका आणू शकते आणि कारागिराला धंदाच सोडावा लागतो. त्रास अनेकदा काम संपल्यावर, रात्री सुरू होतो. साहजिकच दोष हवेला किंवा विडीला दिला जातो.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनुसार, तेथील वाहन रंगाऱ्यांना दम्याचा धोका एकूण कामगारवर्गाच्या तुलनेत सुमारे ८० पट अधिक आहे. म्हणूनच तेथे बंदिस्त बूथ, नळीवाटे स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि ठरावीक काळाने लघवीची तपासणी यांवर भर दिला जातो. कोळशाच्या फिल्टरचा मास्क या कामाला पुरेसा मानला जात नाही. धोक्याच्या पातळीवरही आयसोसायनेटचा वास येत नसल्याने फिल्टर निकामी झाल्याचे कळत नाही. शिवाय फवारा थांबून धुके दिसेनासे झाले, तरी बूथमधील हवा काही मिनिटे दूषितच असते. आणि नेमका तेव्हाच रंगारी मुखवटा वर करून काम न्याहाळतो.

आपल्याकडे अडचण कायद्याच्या कक्षेची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेची सर्वसाधारण मर्यादा १० कामगारांची. दोन-चार पोरांवर चालणारे गॅरेज त्याबाहेरच राहते. मात्र धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच कामगार असला, तरी अधिसूचना काढून संहिता लागू करण्याची मुभा सरकारला आहे. आयसोसायनेटच्या रंगकामाला ती लावण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

युरोपीय संघात अशी रसायने कामावर हाताळणाऱ्यांना २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण सक्तीचे आहे. येथील गॅरेजमध्ये नवा पोऱ्या हार्डनर मिसळायला शिकतो, तो उस्तादाकडे पाहून. आणि उस्तादाच्या तोंडावरही रुमालच असतो.