अंगण-परस : तण म्हणून उपटण्यापूर्वी

गेल्या अंकात फुलपाखरांसाठी लावायच्या फुलझाडांविषयी आम्ही लिहिले होते. त्यावर खेडकडच्या एका भगिनीचा फोन आला. "घाणेरी लावली, एक्झोरा लावली, सदाफुलीही आहे. फुलपाखरे येतात, रस पितात आणि चालती होतात. मुक्कामाला कुणी राहातच नाही!" तक्रार रास्त आहे आणि चूक आमची आहे. फुलांतला रस म्हणजे पाहुण्यांचा चहा-नाश्ता झाला. लेकरांच्या जेवणाचे काय, ते आम्ही लिहिलेच नव्हते.

फुलपाखराचे लेकरू म्हणजे अळी. ती पाने खाते, पण वाटेल ती नाही. एकेका जातीची झाडे ठरलेली असतात. मादी तीच झाडे शोधून त्यांवर अंडी घालते. ती बागेत नसतील तर कितीही फुले लावा, कुणी वस्तीला राहणार नाही. यांतली बरीचशी झाडे नर्सरीत मिळत नाहीत, कारण आपण त्यांना रान म्हणतो आणि पावसाळा सरला की उपटून टाकतो.

आम्हीही तेच केले होते. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी कुंपणालगत वाढलेली रुई गड्याला सांगून तोडून घेतली. संध्याकाळी आमचा सात वर्षांचा नातू त्या ढिगातून पाच अळ्या वेचून घेऊन आला. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. "दादी, यांना खायला काय देऊ?" रुईची पाने तर उन्हात सुकून गेली होती. अंगणात पांढरा चाफा होता. पान तोडले की त्यातूनही रुईसारखाच पांढरा चीक गळतो. आम्ही म्हटले, "दे चाफ्याची पाने, एकच जात आहे." अळ्यांनी त्या पानांना तोंडही लावले नाही. काचेच्या बरणीत नुसत्या गोल फिरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन मरून पडल्या होत्या.

पोराने रडून गोंधळ घातला नाही. तो एवढेच म्हणाला, "दादी, तुम्ही तर म्हणालात एकच आहे." ते आम्हांला जास्त लागले. उरलेल्या दोन घेऊन तसेच निघालो, कब्रस्तानच्या गडग्याला टेकून रुईचे एक झुडूप होते तिथवर. दोघींतली एक जगली. पुढे तिचा हिरवा कोष झाला, त्यावर सोन्यासारखे ठिपके. त्यातून नारिंगी फुलपाखरू निघाले, पंखांच्या टोकांना काळा रंग आणि त्यात पांढरे ठिपके. त्याला इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात.

तेव्हापासून झाड ओळखल्याशिवाय विळा लावायचा नाही, असा घरात नियम आहे. ओळखायचे कसे? आमचा पहिला भरवसा फुलपाखराच्या मादीवर. फुलावर बसलेल्या फुलपाखराकडे लक्ष देऊ नका. पानापानांवरून सावकाश फडफडत, टेकते न टेकते असे करत फिरणारी मादी बघा. तिला पायांनी चव कळते. पान हवे ते आहे की नाही, ते ती पाय टेकवून पारखते. पटले की पोट वाकवते आणि मोहरीहून लहान अंडे चिकटवून पुढे जाते. ते झाड लक्षात ठेवा, त्याला चिंधी बांधा. मग पान पुढून-मागून बघा, चुरून वास घ्या, चीक निघतो का ते बघा, फूल आणि शेंग यांची वाट बघा. एका खुणेवर विसंबलो म्हणून आमच्या तीन अळ्या गेल्या.

रुई ओळखणे तसे सोपे आहे. जाड, करडी-हिरवी, पिठूळ लव असलेली पाने आणि खोडाला जवळजवळ चिकटून समोरासमोर जोडी. एका जातीच्या फुलांच्या पाकळ्या पसरलेल्या असतात, दुसरीच्या उभ्या आणि टोकाला जांभळ्या; प्लेन टायगरला दोन्ही चालतात. मात्र चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पाने तोडल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायला लावा.

टाकळा आपल्या कोकणात कुणाला सांगायला नको, पहिल्या पावसात त्याची भाजी होतेच. पण कासविंदा आणि टाकळा यांत पुष्कळांची गल्लत होते, दोघांची फुले पिवळीच. टाकळ्याच्या पानात छोट्या पानांच्या बहुधा तीन जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर, संध्याकाळी मिटणाऱ्या. शेंग लांब, बारीक, किंचित वाकडी. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि पानांची टोके अणकुचीदार. हा फरक माहीत हवाच, कारण कासविंद्याच्या बिया मुलांच्या पोटात गेल्या तर विषबाधा होते. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो ही छोटी पिवळी आणि मॉटल्ड एमिग्रंट ही फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरे वाढतात. भाजीला कोवळे शेंडे खुडा आणि चार-सहा रोपे मोठी होऊ द्या, दोघांचेही भागते.

घोळीची गंमत निराळीच. ही भाजीही आपण खातो. डनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी घोळीवर वाढते. त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते! रुईवर वाढलेले प्लेन टायगर पक्ष्यांना बाधते, म्हणून ते त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि ही घोळीवाली त्याचाच पेहराव घालून सुखाने फिरते. नर मात्र काळा, पंखांवर निळी कड असलेले मोठे पांढरे डाग. नारिंगी मादी घोळीवर घुटमळताना दिसली की समजावे ही कोण.

लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली. लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे पान उजेडात धरा, त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. लाइम बटरफ्लायची अळी यांवर असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून बायका झटकून टाकतात. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर मानेमागून तांबूस दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. रानातल्या माकडलिंबूवर ब्लू मॉरमॉन वाढते, ज्याला २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू केले गेले.

सापसंदाची वेल कुंपणावर दिसली तर ती ठेवावी, पण मुलांना हात लावू देऊ नये. फुगीर बुडाची वाकडी नळी असे तिचे फूल असते आणि पिकलेले फळ उलट्या छत्रीसारखे उघडून लोंबते. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांच्या अळ्या तिच्यावर जगतात. काही घरांत तिचा पाला-मुळी औषध म्हणून देतात. कृपा करून देऊ नका. तिच्यातल्या द्रव्याने मूत्रपिंडे निकामी होतात.

आता कब्रस्तानचे. पावसाळा संपला की जमातीतर्फे तिथली सगळी झाडी साफ होते, उरलेले पेटवून देतात. त्यात गैर काही नाही; कबरींपर्यंत जायला वाट हवी, सापाकिरड्याचीही भीती असते. यंदा आम्ही घरात विषय काढला आणि आमच्या यांनी तो बैठकीत मांडला : वाटा आणि कबरी साफ करा, फक्त पश्चिमेच्या गडग्याला लागून चार हात पट्टा सोडा. काही जण हसले. एक वडीलधारे म्हणाले, "रान राखायला सांगता, लोक आम्हांला आळशी म्हणतील." शेवटी निम्मा गडगा मिळाला, तोही एका वर्षासाठी आणि आग लावणार नाही एवढ्या बोलीवर. त्या निम्म्यात रुईचे ते झुडूप आहे. सापसंद दुसऱ्या निम्म्यात होती, ती गेली. मुळे राहिली असतील तर पावसात पुन्हा फुटेल.

नातू असरनंतर दादांबरोबर जाऊन रुईची पाने उलटून बघून येतो. काल अकरा अंडी मोजली म्हणाला. आम्ही सात मोजली होती. आज दोघे मिळून जाणार आहोत.