कॅप निघाली, पण दुखत नव्हतं!

मागच्या येळवशीला शेतात कोपीपुढं पंगत बसली होती. भज्जी, उंडे, आंबील सगळं निवांत झालं आणि शेवटी शेंगाच्या पोळीचा घास चावताना दाताखाली काहीतरी टणक लागलं. खडा असेल म्हणून काढून पाहिलं, तर माझ्या दाढेची कॅप! रूट कॅनाल करून बसवलेली. दुखत काहीच नव्हतं. आणि मैत्रिणींनो, खरा घात तिथंच झाला.

पुतण्या म्हणाला, "काकू, फेविक्विकनं चिकटवून टाक." तेवढं शहाणपण मात्र मला होतं. कॅप धुऊन कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली. मग संक्रांत आली, वाणं आणायची होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चाललं. बचत गटाच्या बायकांना "आजार अंगावर काढू नका" असं दर बैठकीत सांगणारी मी, स्वतः महिनाभर डबी सांभाळत बसले.

शेवटी बेंबळीहून धाराशिव गाठलं. डॉक्टरांनी कॅप बसवून पाहिली, बसेना. आतल्या दाताचा कोपरा तुटला होता, कीड लागली होती आणि शेजारची दाढ मोकळ्या जागेकडे कलली होती. ते म्हणाले, "ताई, हीच डबी घेऊन त्याच आठवड्यात आला असता तर सिमेंट लावून परत बसवली असती." आता दात कोरायचा, नवं माप घ्यायचं, नवी कॅप करायची. रूट कॅनालमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते, म्हणून आत कीड लागली तरी कळ येत नाही. आपण मात्र कळ येण्याची वाट पाहत बसतो.

हे घरगुती पुराण सांगण्याचं कारण वेगळं आहे. मे २०२३ मध्ये राज्य सरकारने 'स्वच्छ मुख अभियाना'साठी सचिन तेंडुलकरला सदिच्छादूत नेमलं. दात घासा, चूळ भरा, नीट खा, तंबाखूपासून दूर राहा आणि वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जा, असा संदेश. चांगलाच आहे. पण दोनदा जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची, हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे जाणं जरा सोपं झालं हे मान्य. पुढचा खर्च मात्र आपलाच. साध्या धातूची कॅप हजार-दोन हजारांपासून, चांगली पांढरी घ्यावी तर आठ-दहा हजारांच्याही पुढं. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड हे मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. कॅप बसवायला कोण दाखल होतं?

२०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यांत दाताची खुर्ची, साहित्य, माणसं यावीत हा त्याचा हेतू. तिथं दात काढून मिळतो, काही ठिकाणी भरूनही मिळतो. नवी कॅप बनवायला लॅब लागते, ती प्रत्येक तालुक्याला असावी असं म्हणणं फार झालं. पण निसटलेली, धड असलेली कॅप परत चिकटवायला लॅब लागत नाही. दंतवैद्य, खुर्ची आणि सिमेंट पुरतं. एवढी सोय तरी प्रत्येक सरकारी खुर्चीवर आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत नि रुग्णालयाच्या बैठकीत आपण विचारायला हवा. आपण तिथं रस्ते, नळ सगळं विचारतो, दातांचं नाव काढायला लाजतो. नवी कॅपच लागली तर लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो. फेऱ्या मात्र जास्त होतात.

आता कॅप हलायला लागली तर काय करायचं? हलती कॅप तोंडात ठेवून झोपू नका, झोपेत श्वासनलिकेत जाऊ शकते. सहज निघत असेल तर काढून डबीत ठेवा, ओढाताण करू नका. त्या बाजूनं चावू नका. उघड्या दातावर मऊ ब्रश हळू फिरवा, कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. झिणझिण्या आल्या तर कापसाच्या बोळ्यानं थोडं लवंगेचं तेल लावा. फेविक्विक अजिबात नको, हिरडी भाजते आणि कॅप वाकडी बसते. चुकून गिळली तर बहुतेकदा शौचावाटे निघून जाते. पण खोकला लागला, धाप लागली तर थेट दवाखाना.

बसवलेली कॅप नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षंही टिकते. कॅपला कीड लागत नाही, पण ती जिथं हिरडीला टेकते त्या कडेला दाताला लागते. घासताना ती कड चुकवू नका. सुपारी फोडणं, ऊस सोलणं, पिशवीची गाठ दातानं सोडणं बंद. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि मिशरी. तंबाखू असलेल्या दंतमंजनावर १९९२ सालीच बंदी आली, पण आपल्या तव्यावर भाजली जाणारी मिशरी कोण बंद करणार? तिच्यानं दात झिजतो, हिरडी खाली सरकते, कॅपची कड उघडी पडते, तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच. गटात हा विषय काढला की निम्म्या बायका जमिनीकडे बघतात.

गेल्या महिन्यात त्यांच्यातल्याच एका मावशींची कॅप निघाली. "दुखत नाही गं, बघू सुगीनंतर," म्हणाल्या. मी माझी दाढ उघडून दाखवली आणि नव्या कॅपचा आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला त्या माझ्याआधी येऊन उभ्या होत्या, डबी पदराच्या गाठीत बांधून.